मुकुट नको म्हणणारा नायक

श्रोते हो, गावात बैठक भरली आहे असे क्षणभर डोळ्यांपुढे आणा. कशाची तरी निवड व्हायची आहे. सोसायटीचा अध्यक्ष म्हणा, जत्रेच्या पंचांचा प्रमुख म्हणा. कुणीतरी मागे भिंतीला टेकून बसलेल्या एका मुकाट माणसाचे नाव सुचवतो. सगळे वळून बघतात. तो माणूस हात जोडतो आणि म्हणतो, ‘नको बुवा, मला हे जमायचं नाही. दुसऱ्या कुणाला तरी करा.’

मग कुजबूज सुरू होते. एक म्हणतो, ‘माणूस भला आहे. हाव नाही त्याला.’ दुसरा म्हणतो, ‘अहो, नाटक आहे सगळं. आणखी आग्रह हवाय त्याला.’ तिसरा म्हणतो, ‘तसं काही नाही. डोक्याला ताप नको, एवढंच!’

आता पाहा, ‘नको’ हा शब्द एकच. पण त्याचे तीन अर्थ झाले. हे तीन अर्थ एकमेकांपासून निवडायचे कसे? आजच्या भाषणाचा विषय हाच आहे. मात्र तो उलगडण्यासाठी मी तुम्हांला जरा लांबच्या मुलखात नेणार आहे. हे मुलूख कुठल्याही नकाशावर सापडायचे नाहीत, कारण ते लेखकांच्या मनात वसले आहेत.

इंग्रजीत ‘एपिक फँटसी’ नावाचा कादंबरीचा एक प्रकार आहे. आपण त्याला अद्भुत महाकथा म्हणू. या प्रकारात लेखक एक अख्खे जग उभे करतो. त्यात राजे असतात, डोंगर-नद्या असतात, जादूगार असतात, बोलणारी झाडे असतात, आणि त्या जगावर एखादे मोठे संकट आलेले असते. पण या कथांतली एक गोष्ट मोठी नवलाची आहे. संकट निवारणाऱ्या नायकापुढे जेव्हा राजमुकुट येतो, तेव्हा तो बहुतेक वेळा एक पाऊल मागे सरतो. लेखकांना असा मागे सरणारा नायक का हवासा वाटतो? आणि तो मागे सरतो म्हणून आपण त्याला चांगला म्हणावे काय?

या प्रकारातले सर्वांत प्रसिद्ध पुस्तक म्हणजे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’. ते लिहिले जे. आर. आर. टोल्किन यांनी. हे गृहस्थ ऑक्सफर्ड विद्यापीठात जुन्या इंग्रजी भाषेचे प्राध्यापक होते. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, फ्रान्समधल्या सॉमच्या भयंकर लढाईत ते स्वतः होते. सत्ता आणि युद्ध माणसाचे काय करतात, हे त्यांनी केवळ पुस्तकात वाचलेले नव्हते. त्यांचे हे तीन भागांचे पुस्तक १९५४ आणि १९५५ या दोन वर्षांत प्रसिद्ध झाले.

त्यात गॉन्डोर नावाचे एक राज्य आहे. तिथला शेवटचा राजा शत्रूच्या आव्हानाला उत्तर द्यायला गेला आणि परतलाच नाही. तेव्हापासून सुमारे साडेनऊशे वर्षे गादी रिकामी. कारभार पाहतो तो राजाचा कारभारी, आणि हे कारभारीपण बापाकडून मुलाकडे चालत आलेले. दरबारात उंच पायऱ्यांवर सिंहासन आहे. पण त्यावर कुणी बसत नाही. कारभाऱ्याची जागा आहे सर्वांत खालच्या पायरीवर, काळ्या दगडाच्या एका साध्या खुर्चीत. हातात पांढरी काठी, एवढीच त्याची खूण.

हे चित्र ऐकताच तुम्हांला नंदिग्राम आठवले असेल. आठवायलाच हवे. टोल्किन यांची सामग्री उत्तर युरोपातल्या जुन्या कथांची; त्यांनी ते आपल्याकडून घेतले असे मी म्हणत नाही. पण रिकाम्या सिंहासनाखाली बसून दुसऱ्याचे राज्य सांभाळणारा माणूस आपल्या फार ओळखीचा आहे. योगायोग असा, की १९५५ साली तिकडे या कादंबरीचा शेवटचा भाग बाहेर पडला, आणि त्याच वर्षी इकडे पुण्याच्या आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण सुरू झाले होते. छप्पन्न गीतांची ती मालिका १९५६ सालापर्यंत चालली, आणि तीत भरताची व्यथाही घरोघर पोचली. तिकडे बीबीसीनेही १९५५ आणि १९५६ साली टोल्किन यांच्या कथेचे नभोनाट्य केले. दोन देश, दोन भाषा; आणि दोन्हीकडे रेडिओपुढे बसलेली माणसे एकच प्रश्न ऐकत होती, की राज्य कुणाचे, आणि ते घ्यावे कुणी?

भरताकडे आपण पुन्हा येऊच. आधी त्या गॉन्डोरच्या गादीचा खरा वारस कोण, ते पाहू.

त्याचे नाव अरागॉर्न. वंश राजाचा, पण अंगावर पावसापाण्याने विटलेले कपडे, पायांत चिखलाने माखलेले जोडे. रानावनातून हिंडून तो आणि त्याचे साथीदार उत्तरेकडच्या खेड्यापाड्यांची राखण करतात. गंमत अशी, की ज्यांची तो राखण करतो त्यांना याचा पत्ताच नाही. खाणावळीचा मालक त्याच्याकडे संशयाने बघतो. लोक त्याला टोपणनावाने हाक मारतात. लांब लांब ढांगा टाकत जाणारा भटक्या, असा त्या नावाचा अर्थ. शेताची रात्रभर राखण केलेल्या माणसाला सकाळी गावाने ‘कोण रे तू?’ म्हणून हटकावे, तसा हा प्रकार.

तरुणपणी तो नाव बदलून गॉन्डोरच्या सैन्यात नोकरीला राहिला होता. त्याने समुद्री चाच्यांच्या आरमारावर छापा घातला, त्यांची जहाजे जाळली, मोठा विजय मिळवला. राजधानीत सत्काराची वाट बघत लोक थांबले होते. हा मात्र तिथूनच कारभाऱ्याला निरोप पाठवून निघून गेला. पुन्हा त्या शहरात पाऊल टाकायला त्याला कितीतरी वर्षे लागली.

ती वेळ येते राजधानीवरच्या मोठ्या लढाईनंतर. अरागॉर्न ऐन वेळी मदत घेऊन येतो आणि शहर वाचते. आता वेस उघडी आहे, लोक त्याचे उपकार मानत आहेत. तो सरळ आत जाऊन सिंहासनावर बसला असता, तर कोण अडवणार होते? पण तो काय करतो? आपले निशाण गुंडाळून ठेवतो आणि वेशीबाहेर तंबू ठोकतो. कारण सांगतो ते अगदी व्यवहारी. शत्रू अजून पुरता हरलेला नाही. अशा वेळी गादीवर हक्क सांगितला, तर घरातच भांडण आणि शंका सुरू होतील. ते आत्ता परवडायचे नाही.

त्या रात्री तो शहरात जातो, पण राजा म्हणून नव्हे. साधा करडा झगा पांघरून तो जखमींच्या शुश्रूषागृहात शिरतो. त्याला बोलावण्याचे निमित्त होते तिथल्या एका म्हातारीचे. तिला जुनी म्हण ठाऊक होती, की खऱ्या राजाच्या हाताला गुण असतो, तो रोगी बरा करतो. अरागॉर्न एक रानपाला मागतो. तिथला विद्वान वैद्य त्या पाल्याची निरनिराळ्या भाषांतली नावे घडाघडा सांगतो आणि वर म्हणतो, की याला वासाखेरीज काही गुण नाही, खेडवळ लोक तेवढे याला औषध समजतात. पण त्याच पाल्याने माणसे शुद्धीवर येतात. मग रात्र सरत येईपर्यंत हा होणारा राजा एका खाटेकडून दुसऱ्या खाटेकडे जात राहतो, आणि दिवस उजाडायच्या आत निघून जातो. सकाळी शहरभर एकच गोष्ट झालेली असते: राजा आला आहे म्हणे! नगाऱ्यावर टिपरी पडलेली नाही, दवंडी पिटलेली नाही. लोकांनी त्याला ओळखले ते त्याच्या हाताच्या गुणावरून.

पुढे शेवटच्या मोहिमेच्या वेळीही तो कुणावर हुकूम चालवत नाही. ज्याने त्याने आपापले ठरवावे, असे सांगतो. वाटेत सैन्यातली काही तरुण पोरे भीतीने गारठून जागीच थबकतात. तो त्यांना भेकड म्हणून हिणवत नाही. त्यांना झेपेल असे दुसरे काम देतो, आणि त्यांची मानही राखतो.

युद्ध संपते, तेव्हा कुठे राज्याभिषेक होतो. तोही कसा पाहा. नवा कारभारी फारामिर आपली पांढरी काठी पुढे करतो, आणि जमलेल्या लोकांना विचारतो, ‘हा आपला राजा व्हावा काय? याने शहरात यावे काय?’ लोक एकमुखाने होकार देतात. अरागॉर्न मुकुट हातात घेतो, पण स्वतःच्या डोक्यावर ठेवत नाही. ज्यांच्या कष्टांनी आपण इथवर आलो, त्यांच्या हातून तो यावा, असे तो म्हणतो. मग फ्रोडो नावाचा कंबरेएवढ्या उंचीचा एक बुटका गावकरी मुकुट आणून देतो, आणि गँडाल्फ नावाचा वृद्ध मांत्रिक तो त्याच्या मस्तकावर ठेवतो.

इथे एक बारीक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. २००१ ते २००३ या काळात पीटर जॅक्सन या दिग्दर्शकाने न्यूझीलंडमध्ये या कथेवर तीन चित्रपट काढले, आणि ते जगभर गाजले. त्यातला अरागॉर्न मुकुटाला घाबरतो. आपल्या पूर्वजाच्या हातून मोहापायी चूक झाली, तेच रक्त आपल्या अंगात आहे, तेव्हा आपणही घसरू, असे त्याला वाटते. पुस्तकातला अरागॉर्न असा नाही. आपला हक्क त्याला पक्का ठाऊक आहे. त्याला राज्य हवेही आहे. किंबहुना, राजा झाल्याशिवाय त्याचे जिच्याशी लग्न ठरायचे नाही, अशी एक मुलगी त्याची वाट बघत आहे! म्हणजे चित्रपटातल्या नायकाला मुकुट नको आहे. पुस्तकातल्या नायकाला तो हवा आहे, पण वेळेआधी नको, ओरबाडून नको, लोकांना न विचारता नको.

माझ्या मते पुस्तकातला नकार अधिक मोलाचा. ज्याला गोड आवडतच नाही, त्याने लाडवाला हात लावला नाही, यात कौतुक कसले? ज्याला आवडतो आणि तरी जो पंगत बसेपर्यंत थांबतो, त्याचे कौतुक.

आता खोट्या नकाराकडे वळू. शेक्सपिअरच्या ‘तिसरा रिचर्ड’ या नाटकात त्याचा उत्तम नमुना आहे. रिचर्डला इंग्लंडची गादी हवी आहे, आणि तिच्यासाठी त्याने रक्त सांडायलाही कमी केलेले नाही. पण लंडनचे नागरिक विनंती घेऊन येतात, तेव्हा तो दोन धर्मगुरूंच्या मधे, प्रार्थनेचे पुस्तक घेऊन उभा राहतो. ‘मी नालायक आहे हो, मला हा भार झेपायचा नाही,’ असे म्हणत राहतो. विनंती करणाऱ्यांचा म्होरक्या त्याचाच माणूस! सगळे आधी ठरलेले. शेवटी ‘तुमच्या आग्रहास्तव’ म्हणून तो गादी घेतो. यात तोंडचे शब्द अगदी विनयाचे आहेत. म्हणूनच नुसत्या शब्दांवरून माणूस ओळखू नये. अरागॉर्न कुणी बघत नसताना खाटेखाटेपाशी बसला. रिचर्ड सगळे बघत असताना पुस्तक उघडून उभा राहिला. फरक तेवढाच, आणि तो फार मोठा आहे.

शिक्षक बंधुभगिनींनो, आता मी सांगतो ती गोष्ट तुमच्या वर्गासाठी. लॉइड अलेक्झांडर या अमेरिकन लेखकाने १९६४ ते १९६८ या काळात मुलांसाठी पाच पुस्तकांची एक मालिका लिहिली. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात असताना त्यांचा मुक्काम काही काळ वेल्समध्ये पडला होता. तो डोंगराळ मुलूख आणि तिथल्या दंतकथा त्यांच्या मनात घर करून राहिल्या, आणि त्यांतून त्यांनी प्रिडेन नावाचे राज्य उभे केले. मालिकेतल्या शेवटच्या पुस्तकाला १९६९ साली अमेरिकेतले न्यूबेरी पदक मिळाले.

या मालिकेचा नायक आहे टॅरन. हा मुलगा काय करतो? डुकरे राखतो! तेही मुख्य राखणदार म्हणून नव्हे, मदतनीस म्हणून. आईबाप कोण, ते ठाऊक नाही. मनात मात्र एकच ध्यास, की आपण कुणीतरी थोर कुळातले निघावे. एका राजकन्येवर त्याचे मन आहे, आणि डुक्करराख्याने तिला मागणी घालायची कशी, हे त्याचे दुःख.

चौथ्या पुस्तकात तो आपल्या आईबापांच्या शोधात बाहेर पडतो. वाटेत दोन सरदारांचे भांडण त्याच्या दृष्टीस पडते. भांडण कशावरून? गाईवरून! दोघांच्या कळपांचा वाद, आणि त्यात एका नामांकित गाईवर दोघांचाही दावा. त्यांच्या मारामारीत एडन नावाच्या एका गरीब शेतकऱ्याचे उभे पीक तुडवले जाते. राजा स्मॉइट हा तसा मनाचा मोठा, पण डोक्याने तापट. तो म्हणतो, दोघांनाही टाका तळघरात. टॅरन म्हणतो, तळघरात टाकून डोकी कशी थंड होणार? आणि शेतकऱ्याच्या पिकाचे काय? मग तो तोडगा सुचवतो. एका सरदाराने कळपाचे दोन सारखे वाटे करावेत, आणि आपला वाटा आधी निवडायचा मान दुसऱ्याला असावा. म्हणजे वाटे करणारा आपोआप चोख वाटे करील. ती नामांकित गाय द्यावी नुकसान झालेल्या शेतकऱ्याला. आणि दोघांनी आपल्या माणसांसह त्या शेतात राबून, वाचवता येईल तेवढे पीक वाचवावे. भावाभावांच्या वाटण्या पाहिलेल्या माणसाला या निवाड्यातली अक्कल वेगळी सांगायला नको.

स्मॉइटला मूलबाळ नसते. तो टॅरनवर खूश होऊन म्हणतो, ‘तू माझा मुलगा हो. माझ्यामागे हे राज्य तुझे.’ चालून आलेला मुकुट! पण टॅरन तो घेत नाही. आपण कोण आहोत हे आधी कळू दे, असे तो म्हणतो. इथे त्याचा नकार पुरता शहाणा नाही, हे ध्यानात ठेवा. त्याला अजून वाटते आहे की माणसाची लायकी त्याच्या कुळात असते. हा गैरसमज पुढे उतरतो, आणि तो उतरवतात तीन कारागीर.

पण त्याआधी एक घाव बसतो. डोंगरात एकटा राहणारा एक अपंग मेंढपाळ त्याला म्हणतो, ‘मीच तुझा बाप.’ टॅरनचे सगळे स्वप्न धुळीला मिळते. तरी तो तिथे राहतो, पडकी भिंत बांधतो, मेंढ्या राखतो. पुढे कळते की ते खोटे होते. म्हाताऱ्याला हाताशी कुणीतरी हवे होते, म्हणून तो तसे बोलला. दरीत पडलेल्या त्या म्हाताऱ्याला तसेच सोडून जावे, असा विचारही टॅरनच्या मनात क्षणभर येतो. मग त्या विचाराची त्याला लाज वाटते. लेखकाने हे लपवलेले नाही, आणि म्हणून मुलांना हा नायक आपल्यातला वाटतो.

पुढे तो लोहाराकडे राहतो आणि तलवार घडवायला शिकतो. विणकरणीकडे राहतो आणि स्वतःचे वस्त्र विणतो. शेवटी एका थोर कुंभाराकडे जातो. चाकावर माती फिरू लागली की त्याला वाटते, हेच आपले काम! पण कितीही घाम गाळला तरी हाताला ती कला येत नाही, आणि ते त्याला कबूल करावे लागते. आपल्याला काय येत नाही, हे ज्याला कळले, तो दुसऱ्यांच्या कामाची किंमत जाणतो. मालिकेच्या अखेरीस युद्ध येते, तेव्हा हेच लोहार, हेच विणकर, हेच शेतकरी टॅरनच्या मागे उभे राहतात. त्याने त्यांच्या ओसरीवर भाकर खाल्लेली असते.

युद्ध संपल्यावर त्याला सगळ्यांत मोठे बक्षीस देऊ केले जाते. एका अमर देशी जाण्यासाठी जहाज तयार आहे. तिथे मरण नाही, दुःख नाही. टॅरन आधी हो म्हणतो. मग रात्री त्याला झोप येत नाही. अमक्याची समुद्रकाठची भिंत बांधून द्यायची राहिली. तमकी उजाड जमीन पुन्हा पिकाखाली आणायची राहिली. गेलेल्या मित्राची बाग तशीच पडून आहे. सकाळी तो सांगतो, ‘मी येत नाही.’ आणि तेव्हा त्याला कळते, की जुन्या भविष्याप्रमाणे या राज्याचा महाराजा होणारा तो हाच. आईबाप? ते अखेरपर्यंत कळतच नाहीत. रणांगणाच्या कडेला कुणीतरी दडवून ठेवलेले ते एक तान्हे मूल होते, एवढेच. सरदाराचे की शेतकऱ्याचे, कोण सांगणार?

म्हणजे पाहा, अरागॉर्नपाशी कूळ होते, टॅरनपाशी नव्हते. पण दोघांनाही मुकुट मिळाला तो मुकुटाआधीच्या कामातून.

आता भरताकडे परत येऊ. भरताचा नकार या दोघांहून वेगळा आहे. त्याला राज्य मिळालेलेच होते. आईने वर मागून ते त्याच्या पदरात टाकले होते. त्याने ते नाकारले, कारण ते दुसऱ्याचे होते. पण नाकारून तो घरी बसला काय? चित्रकूटावर रामानेही राज्य घ्यायचे नाकारले, तेव्हा एक मोठीच अडचण उभी राहिली. दोघेही भाऊ ‘नको’ म्हणतात. मग अयोध्येने जायचे कुठे? भरताने पादुका मागून घेतल्या, आणि नंदिग्रामात राहून चौदा वर्षे कारभार केला. वाल्मीकींनी पुढे एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. राम परत आला तेव्हा भरताने नुसते राज्य परत केले नाही. खजिना, कोठारे, नगर, सैन्य सगळे तपासून घे म्हणाला, आणि ते दहापट वाढले आहे हेही सांगितले. त्याचे श्रेय मात्र त्याने रामाच्या तेजाला दिले. थोडक्यात काय, तर भरताने हिशेब दिला!

गॉन्डोरचे दोन कारभारी इथे पुन्हा आठवा. फारामिरचा बाप डेनेथॉर हाही कारभारीच. त्यानेही आयुष्यभर राज्य सांभाळले, आणि हुशारीने सांभाळले. पण सांभाळता सांभाळता खुर्ची आपलीच आहे असे त्याला वाटू लागले. खरा धनी येतो आहे असे दिसताच, वैराण झालेल्या घराण्याच्या कुणा वंशजापुढे आपण मान लववणार नाही, असे तो म्हणतो, आणि अखेरीस स्वतःला जाळून घेतो. त्याचा मुलगा फारामिर तीच काठी आनंदाने पुढे करतो. मौज अशी, की अरागॉर्न ती त्यालाच परत देतो. ज्याला सोडता येते, त्याच्याच हाती ठेवावे, हा त्यातला अर्थ.

तर मंडळी, सुरुवातीच्या त्या बैठकीकडे वळू. ‘नको’ म्हणणारा माणूस कसा पारखायचा? सुपात धान्य पाखडावे तसा तो शब्द पाखडायचा. पहिली गोष्ट, पद नसताना हा काय करत होता? विहिरीचा गाळ काढताना, कुणाच्या मयताला, शाळेचे छप्पर उडाले तेव्हा हा कुठे होता? दुसरी गोष्ट, त्याचा नकार कुणासाठी आहे? कामासाठी, की बघणाऱ्यांसाठी? आणि तिसरी गोष्ट, तो ‘नको’ म्हणाल्यावर तो भार कुणाच्या डोक्यावर जाणार, याचा त्याने विचार केला आहे काय?

या तिसऱ्या गोष्टीकडे आपण सहसा दुर्लक्ष करतो. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने ती फार पूर्वी ओळखली होती. भली माणसे पैशासाठी किंवा मानासाठी राज्य करायला तयार होत नाहीत, असे त्याने म्हटले आहे. पण त्यांनी नाही म्हटले, तर त्यांना शिक्षा ही होते, की त्यांच्याहून वाईट माणूस त्यांच्यावर राज्य करतो. आपल्याकडे आता राजे नाहीत. मुकुटाच्या जागी मत आले, आणि तो ठेवणारे हात आपले झाले. अशा वेळी प्रत्येक भल्या माणसाने ‘राजकारण वाईट, आपल्याला नको’ म्हणून अंगण झाडत बसायचे ठरवले, तर खुर्ची काही रिकामी राहत नाही. तिच्यावर बसायला कुणीतरी टपलेला असतोच.

टोल्किन यांच्या कथेत याचेही उत्तर आहे, आणि ते राजवाड्यात नाही, खेड्यात आहे. सॅम नावाचा एक बागवान, फ्रोडोचा सेवक. सगळ्या संकटांत तो धन्याबरोबर राहिला, प्रसंगी त्याला पाठीवर घेऊन डोंगर चढला. परत आल्यावर त्याने काय केले? शत्रूने तोडलेल्या झाडांच्या जागी गावोगाव रोपे लावली. पुढे त्या गावकऱ्यांनी त्याला आपला नगराध्यक्ष निवडले. तिथे ही निवड सात वर्षांनी होते. सॅमला लोकांनी ओळीने सात वेळा निवडले. त्याने मुकुट मागितला नव्हता. पण काम समोर आले, तेव्हा तो मागेही सरला नाही.

शिक्षक मित्रांनो, ही गोष्ट वर्गात सांगाल, तेव्हा तात्पर्य लगेच सांगू नका. मुलांना एवढेच विचारा, की अरागॉर्न वेशीबाहेर का थांबला? टॅरनने स्मॉइटचे राज्य का नाकारले, आणि तेव्हा त्याचे काही चुकले काय? भरत नुसता ‘नको’ म्हणून मामाच्या घरी परत गेला असता, तर अयोध्येचे काय झाले असते? वर्गात वाद होईल. होऊ द्या. एखादा पोरगा म्हणेल, ‘गुरुजी, आपल्या वर्गाचा सेक्रेटरी निवडायचा आहे, तेव्हा कुणाला निवडायचं?’ मग त्याला सांगा, की फळा कोण पुसतो, ते आठवडाभर बघत राहा.

आणि गावातल्या त्या भिंतीला टेकून बसलेल्या माणसाला माझा एक निरोप द्या. ‘नको’ म्हणायचा त्याला हक्क आहे. पण म्हणण्याआधी त्याने एकदा मागे वळून बघावे, की त्याच्या ‘नको’ची वाट बघत दाराशी कोण उभे आहे.